विद्यापीठाच्या गच्चीवर बाग करताना मे महिन्यापासून हिशेब मांडा

लातूर शहरातील एका विद्यापीठ संकुलात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणाऱ्या एका प्राध्यापिकेचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा:

‘आमच्या संकुलात दोन इमारती आहेत. एक १९८६ ची, दुमजली. दुसरी २०१४ ची, तीन मजली, तिची गच्ची सुमारे ३०० चौरस मीटर आहे. जुन्या इमारतीतील वरच्या मजल्यावरचे वर्ग मार्च संपता संपता तापू लागतात, म्हणून बाग तिथेच करावी असा विचार आहे. एका माजी विद्यार्थ्याने दोन लाख रुपये देऊ केले आहेत आणि जवळच्या गावातील एक पालक काळी माती विनामूल्य देणार आहेत. दहा फूट बाय चार फुटांचे विटांचे दहा वाफे, त्यांत फूटभर माती, कठड्यालगत प्लॅस्टिकच्या पिंपांत आंबा, पेरू व लिंबू आणि मधोमध हिरवळ, असा आराखडा विद्यार्थ्यांनी तयार केला आहे. १ जुलैला, कृषी दिनी, उद्घाटन करावे असे संचालकांनी सुचवले आहे. परंतु संकुलाचे अभियंते “स्लॅब गळेल” एवढेच सांगून परवानगी अडवत आहेत. त्यांचे मन कसे वळवावे आणि कोणती झाडे लावावीत, याविषयी मार्गदर्शन करावे.’

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील उत्साह मला मनापासून आवडला. मराठवाड्यातल्या शहरांत सिमेंटच्या गच्च्या वाढत आहेत आणि त्यांवर काही हिरवे उभे राहावे अशी इच्छा धरणारी माणसे अजून फार थोडी आहेत. तरीही आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर आपल्याला कदाचित रुचणार नाही. अभियंत्यांचे मन वळवण्याच्या प्रयत्नात आपण पडू नये, कारण त्यांचा आक्षेप योग्य आहे; किंबहुना तो त्यांनी पुरता मांडलेलाही नाही. गळतीचा त्रास वर्गांना होईल, तो सोसता येईल आणि दुरुस्तही करता येईल. आपल्या आराखड्यातील खरी चिंतेची गोष्ट वजन ही आहे.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या मानकाच्या दुसऱ्या भागात इमारतीवर येणाऱ्या वापराच्या भाराचे आकडे दिलेले आहेत. ज्या सपाट गच्चीवर माणसांची ये-जा असते, तिच्यासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो, इतका भार धरला जातो. जिथे दुरुस्तीखेरीज कोणी जात नाही अशा गच्चीसाठी त्याच्या निम्माच. आता आपल्या वाफ्यांकडे पाहू. पाणी प्यालेल्या काळ्या मातीचे वजन दर घनमीटरला सुमारे १८०० किलो भरते. फूटभर मातीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ५४० किलो, आणि आपल्या दहा वाफ्यांचे मिळून सुमारे २० टन. यात विटांचे वजन धरलेले नाही. पिंपांचा हिशेब तर याहून कठीण आहे. २०० लिटरचे पिंप काठोकाठ काळ्या मातीने भरले आणि त्याला पाणी घातले, की ते साडेतीनशे किलोंच्या पुढे जाते आणि हे सगळे ओझे जेमतेम पाव चौरस मीटर जागेवर टेकते. जोराचा पाऊस पडून माती पूर्ण भिजेल, त्याच दिवशी हा भार सर्वाधिक असेल, आणि बहुधा त्याच दिवशी खाली वर्ग चालू असतील.

गच्चीवर माती हा प्रकार आपल्या भागाला नवा नाही. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर फूट-दोन फूट पांढरी माती, अशा माळवदाच्या घरांत मराठवाड्याच्या कित्येक पिढ्या राहिल्या. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या आणि उगवलेले गवत उपटायचे, ही कामे घरोघरी ठरलेली असत. उन्हाळ्यात त्या घरांतला गारवा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना तो विसरता येत नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला, तेव्हा सुमारे ८००० माणसे दगावली आणि त्यांतील बहुतेक जण चिखलात रचलेल्या दगडी भिंती व डोक्यावरची ती जड माळवदे कोसळल्यामुळे दगावली. आपली इमारत सिमेंट-काँक्रीटची आहे, माळवदाची नाही, हे मी जाणतो. तरी तत्त्व बदलत नाही. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि ते वजन जितके उंचावर, तितका त्याचा परिणाम अधिक. आपली जुनी इमारत १९८६ ची आहे. त्या काळी हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोजला जात असे आणि किल्लारीनंतर, २००२ च्या सुधारित भूकंपविषयक मानकात, तो वरच्या म्हणजे तिसऱ्या क्षेत्रात घेतला गेला. लातूर जिल्ह्यात राहून छतावर २० टन माती चढवण्याचा निर्णय केवळ हौसेवर घेणे कोणालाही शोभणारे नाही.

म्हणून जुन्या इमारतीपुरते माझे मत स्पष्ट आहे: तिच्यावर बाग करू नये. तिला तीस वर्षे उलटून गेली आहेत आणि इतक्या जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महानगरपालिकांच्या कायद्यानेही अपेक्षित आहे. बाग होवो न होवो, ती तपासणी आपण अभियंत्यांच्या बरोबरीने मागावी. छताच्या खालच्या बाजूला गिलाव्याचे पोपडे सुटले असतील, गजांचा गंज तांबड्या रेघांनी दिसत असेल, तर त्याची छायाचित्रे अर्जाला जोडावीत.

मग तापणाऱ्या वर्गांचे काय? त्यासाठी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी गच्ची झाडून-धुऊन तिला चुन्याचे दोन हात द्यावेत. चुन्यात थोडा डिंक मिसळला की तो लवकर उडत नाही. पांढरा पृष्ठभाग ऊन बऱ्याच अंशी परत फेकतो, त्याचे वजन नगण्य असते आणि त्याला रोज पाणी लागत नाही. धुळीमुळे तो मळतो, म्हणून दरवर्षी हे काम पुन्हा करावे लागेल. बागेमुळे खालची खोली गार होते हे खरे आहे. पण ती सावलीने आणि बाष्पीभवनाने होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोजूल उष्णता शोषली जाते, हा सगळा गारवा पाण्याच्या मोबदल्यात मिळतो. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत मोठ्या हौदाच्या तळाखाली प्रशस्त दालन आहे आणि डोक्यावरच्या पाण्यामुळे ते उन्हाळ्यातही थंड राहते; पण ते ओझे पेलायला तिथे भरभक्कम खांब उभे आहेत आणि हौदात नहरीने येणारे पाणी होते. आपल्या जुन्या इमारतीपाशी यांतले काहीच नाही. केवळ वर्ग थंड करण्यासाठी बाग करायची असेल, तर चुना तिच्याहून कितीतरी सरस आहे. बाग करायची ती शिकण्यासाठी, भाजीसाठी आणि झाडांच्या सहवासासाठी करावी, आणि २०१४ च्या इमारतीवर करावी.

त्या इमारतीसाठीही पहिले पाऊल कागदावरच पडायला हवे. आपण अभियंत्यांना ‘परवानगी द्या’ असे न म्हणता तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला किती किलो भार धरून आखला होता, तुळया आणि खांब नेमके कुठे आहेत, आणि जलरोधनाचा थर कोणत्या प्रकारचा व कधीचा आहे. इमारत फार जुनी नसल्यामुळे तिचे संरचनात्मक नकाशे स्थावर विभागात सापडायला हवेत. न सापडल्यास शहरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या स्थापत्य विभागाकडून तपासणी करून घेता येईल. माझा अनुभव असा, की ज्या अभियंत्याला आपण अडथळा समजतो, त्याला नेमका तांत्रिक प्रश्न विचारला आणि उत्तरावर त्याचे नाव राहील असे सांगितले, की तो नकार देण्याऐवजी अटी सांगू लागतो. त्या अटी आपल्याला हव्याच आहेत. शक्य असेल तर बागेच्या समितीचे अध्यक्षपद त्यांनाच द्यावे आणि कुलसचिवांकडे जाणारा प्रस्ताव त्यांच्या सहीनेच जाऊ द्यावा. संचालकांचा तोंडी होकार कितीही मनापासून दिलेला असला, तरी संचालक बदलतात आणि छत राहते.

आता मातीविषयी. काळी माती शेतात सोने पिकवते, हे लातूरकरांना मी सांगायला नको. पण वाफ्यात ती नुसतीच वापरली तर वजनाखेरीज दुसराही त्रास देते. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. उथळ वाफ्यात पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात ती कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी मुळांना न भिजवता भेगेतून खाली निघून जाते. त्याऐवजी भिजवून मोकळा केलेला नारळाचा भुसा, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि कुजवलेले उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट यांचे मिश्रण करावे आणि त्यात माती एक पंचमांशाहून अधिक ठेवू नये. असे मिश्रण पूर्ण भिजल्यावर दर घनमीटरला साधारण ९०० ते १००० किलो भरते. तेच चाळीस चौरस मीटर क्षेत्र, २० सेंटिमीटर खोली आणि हे मिश्रण धरले, तर एकूण वजन २० टनांवरून साडेसात-आठ टनांवर येते. तेही कमी नाही. २० सेंटिमीटरचा थरसुद्धा जागच्या जागी दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या जवळ जातो, म्हणून वाफे स्लॅबच्या मधोमध न मांडता तुळयांच्या रेषेवर आणि खांबांच्या डोक्यावर मांडायचे, आणि तुळया-खांबांपासून किती अंतरापर्यंत वाफे चालतील ते अभियंत्यांनी ठरवायचे. पालेभाज्यांना दहा-बारा सेंटिमीटर खोली पुरते. वेलभाज्या आणि वांग्यांसाठी अधिक खोल पिशव्या वेगळ्या ठेवाव्यात.

काळी माती देऊ करणाऱ्या पालकांना मात्र नकार कळवू नये. आंबा, पेरू आणि लिंबू यांची जागा जमिनीवर आहे. संकुलाच्या कुंपणालगत किंवा प्रवेशद्वाराजवळ खड्डे घेऊन ती झाडे त्यांच्या मातीत लावावीत आणि गच्चीसाठी त्यांच्याकडे शेणखत व पाचट मागावे. ज्या शेतकऱ्याला शेतातली माती देण्याची इच्छा आहे, तो खत देतानाही हात आखडता घेणार नाही. पिंपातल्या आंब्याला आयुष्यभर पाण्याची आणि छाटणीची मदत लागते आणि वळिवाच्या वाऱ्यात तो कठड्यालगत डोलत राहतो. मला ते दृश्य नको वाटते. हिरवळीचाही आग्रह सोडावा. तिला रोज पाणी लागते, ती सलग पसरलेली असल्यामुळे तिच्याखालची गळती सापडत नाही, आणि लातुरात मे महिन्यात ती टिकवणे म्हणजे माणसांच्या वाट्याचे पाणी गवताला घालणे होय.

विटांचे पक्के वाफे बांधणेही टाळावे. एकदा विटा स्लॅबवर चुन्या-सिमेंटात बसल्या, की त्यांच्याखाली ओल साचते, आणि पुढे जलरोधन दुरुस्त करायचे झाले तर सगळी बाग मोडावी लागते. जाड विणीच्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा सुटे ट्रे, विटांच्या तुकड्यांवर दोन-तीन इंच उचलून ठेवलेले, असे असले की खालून पाणी वाहते, हवा खेळते आणि झाडू फिरतो. पावसाळी पाण्याच्या तोंडांना जाळी बसवावी आणि त्यांच्याभोवती हातभर जागा कायम मोकळी ठेवावी. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांमुळे कठड्याच्या भेगांत पिंपळ, वड आणि उंबर उगवतात. चार पानांवर असतानाच ते उपटले पाहिजेत, कारण नंतर त्यांची मुळे कठड्यासकट बाहेर येतात. मंडपासाठी किंवा जाळीसाठी स्लॅबला एकही भोक पाडू नये.

गळतीची परीक्षा पाणी तुंबवून घेतात. पाण्याची तोंडे बंद करून गच्चीवर दोन-अडीच सेंटिमीटर पाणी दोन दिवस उभे ठेवायचे आणि खालच्या छतावर ओल उमटते का ते पाहायचे. आपल्या ३०० चौरस मीटरच्या गच्चीला त्यासाठी साडेसात हजार लिटर पाणी लागेल. एप्रिल-मे महिन्यांत लातुरात त्यासाठी टँकर बोलावणे मला पटत नाही. ही परीक्षा पावसाच्या पाण्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, गच्चीचे भाग पाडून आणि अभियंत्यांच्या देखरेखीखाली घ्यावी. याच पावसाळ्यात पाणी कुठे साचते, कोणत्या तोंडातून हळू जाते, याच्या खुणा विद्यार्थ्यांनी खडूने करून नकाशावर उतरवाव्यात. दोष सापडला तर जलरोधनाचे काम कोरड्या दिवसांत, हिवाळा सरताना करता येईल.

इथवरच्या गोष्टी अभियंत्यांच्या अखत्यारीतल्या आहेत. यापुढची गोष्ट सर्वस्वी आपल्या अखत्यारीतली आहे आणि माझ्या मते आपल्या बागेचे भवितव्य तिच्यावरच ठरेल. महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या गच्चीवरील बागा सहसा जुलैमध्ये जन्मतात आणि मे महिन्यात मरतात. पावसाळ्यात उत्साह असतो, पाणी असते, विद्यार्थी असतात. मार्चपासून परीक्षा सुरू होतात, मग सुट्टी लागते, वसतिगृहे रिकामी होतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत पारा चाळिशी ओलांडतो. जूनमध्ये परत आल्यावर वाळलेल्या काटक्या आणि फाटलेल्या पिशव्या उरलेल्या असतात. मूल्यांकनासाठी येणाऱ्या नॅकच्या समितीच्या भेटीसाठी घाईने उभ्या केलेल्या बागांची तर याहून लवकर ही गत होते. म्हणून बागेचा आराखडा जुलैपासून पुढे न आखता मे महिन्यापासून मागे आखत यावा: मे महिन्यात किती पाणी हाताशी असेल, ते कोण घालेल, आणि तेवढ्यात काय जगेल, हे आधी ठरवावे, मग वाफ्यांची संख्या ठरवावी.

हिशेब असा मांडता येईल. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला दहा मिलिमीटरहून अधिक आटते. चाळीस चौरस मीटर वाफे पूर्ण लावलेले ठेवले, तर दिवसाला ४०० लिटर आणि एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या ७५ दिवसांना ३०,००० लिटर पाणी हवे. एवढे पाणी आपण कुठून आणणार? ज्या शहरासाठी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातल्या विद्यापीठाने बागेसाठी टँकर किंवा पिण्याच्या पाण्याची वाहिनी वापरू नये, हा नियम आपण पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावा. आता दुसरा हिशेब पाहा. मार्चअखेर अर्धे वाफे रिकामे करून पाचटाने झाकून टाकले, उरलेल्या वीस चौरस मीटरवर निम्मे ऊन अडवणारी जाळी लावली, मातीवर चार बोटे आच्छादन घातले आणि ठिबकने पाणी दिले, तर दिवसाला १०० लिटरांत भागू शकते. पंच्याहत्तर दिवसांचे साडेसात हजार लिटर झाले.

हे साडेसात हजार लिटर पाणी आपल्याच गच्चीवर पडते. आपल्या भागात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो. ३०० चौरस मीटरवर त्यातले ७०० मिलिमीटरच धरले आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी दीड लाख लिटरांहून अधिक पाणी पावसाळी नळांतून उतरते. पाच हजार लिटरच्या दोन टाक्या भरायला चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर पाऊस पुरेसा आहे. या टाक्या जमिनीवर, इमारतीच्या उत्तरेच्या सावलीत ठेवाव्यात. गच्चीवर मुळीच नकोत, कारण भरलेली एक टाकी पाच टनांची होते. त्या अपारदर्शक असाव्यात, म्हणजे पाण्यात शेवाळ धरणार नाही, आणि त्यांची तोंडे बारीक जाळीने बंद असावीत, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी सोडून द्यावे आणि टाक्या सप्टेंबरमध्ये काठोकाठ भरून बंद कराव्यात. पावसाळा सरल्यावर मार्चअखेरपर्यंत लागणारे पाणी त्यांतून काढायचे नाही. हिवाळ्यासाठी वेगळी, लहान सोय करावी. रोजच्या शंभर लिटरांसाठी गच्चीवर, खांबाच्या डोक्यावर, २०० लिटरचे एकच पिंप पुरे. त्यातून ठिबकच्या नळ्या उताराने चालतील.

पाण्याच्या इतर स्रोतांविषयी थोडे. संगणक कक्षातील वातानुकूलन यंत्रांचे पाणी क्षारमुक्त असते आणि झाडांना चालते, परंतु आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते फार थोडे मिळते. त्यावर भिस्त ठेवू नये. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी पुष्कळ असते, पण त्यात मूळ पाण्याचे क्षार एकवटलेले असतात आणि उथळ वाफ्यात ते साचत जातात. रसायनशास्त्र विभागाने त्याची क्षारता मोजून दिल्याशिवाय ते वापरू नये. फरशी पुसायला ते चांगले. कूपनलिकेच्या जड पाण्याने ठिबकच्या तोट्या चुन्याने बुजतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेच.

वाफे रिकामे ठेवण्याची कल्पना विद्यार्थ्यांना पराभवासारखी वाटेल. त्यांना समजावून सांगावे, की मराठवाड्याचा शेतकरी खरीप आणि रब्बी घेतो आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे तोच उन्हाळी पीक घेतो. इतरांची जमीन नांगरून तापत पडते. आपली गच्चीही तसेच वेळापत्रक पाळेल. जून-जुलैत अंबाडी, भेंडी, गवार, चवळी, दोडका आणि कारले. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ ही केवडा रोगाला प्रतिकार करणारी जात अजूनही उत्तम. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, वांगी. मार्चनंतर जाळीखाली तांदुळजा आणि घोळ तेवढे ठेवावेत. या दोघांना ऊन सोसते. कायमच्या झाडांत कढीपत्ता, गवती चहा, कोरफड, अडुळसा, तुळस आणि सदाफुली पुरे. जिन्याच्या खोलीची पूर्व बाजू दुपारनंतर सावलीत असते. नाजूक रोपांची जागा ती. जाळी डोक्याच्या उंचीहून वर नेऊ नये आणि ती चटकन सोडता यावी अशी बांधावी, कारण वळिवाचा वारा एप्रिल-मे महिन्यांतच येतो. कठड्यावर एकही कुंडी ठेवायची नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. कीड आली तर पाच टक्के निंबोळी अर्क. त्यापुढचे काही गच्चीवर नको.

बियाण्यांसाठी दुकानाकडे धावण्याआधी आपल्या वर्गात विचारावे. लातुरात शिकायला आलेली बरीच मुले शेतकरी घरांतली असतात आणि अंबाडी केव्हा पेरावी हे त्यांच्यातल्या पुष्कळांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. दिवाळीला घरी गेल्यावर आजीकडून गावरान वालाचे, दोडक्याचे, तांदुळज्याचे बी आणायला त्यांना सांगावे, पाकिटावर गावाचे नाव लिहून घ्यावे आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येक जातीचे बी पुन्हा धरावे. ज्या मुलाला घरची शेती सांगताना संकोच वाटत होता, त्याच्या ज्ञानाला विद्यापीठाच्या गच्चीवर जागा मिळते. मला या सगळ्या उपक्रमातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मोजमापाचे कामही विभागांत वाटून देता येईल: भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चुना दिलेल्या, उघड्या आणि वाफ्याखालच्या छताचे तापमान दुपारी तीन वाजता नोंदवावे, वाणिज्य शाखेने पाण्याचा आणि पैशांचा हिशेब ठेवावा.

राहिला मे महिन्यातल्या माणसाचा प्रश्न. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते; त्यांतले काही तास सुट्टीत लातुरातच राहणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवता येतील. तरी पूर्ण भिस्त विद्यार्थ्यांवर नको. सुट्टीतही रोज संकुलात येणारे शिपाईमामा किंवा सुरक्षारक्षक यांच्यापैकी एकाकडे हे काम सोपवावे, आणि ते ‘जाता-येता बघा हो’ असे म्हणून सोपवू नये. मंजूर अंदाजपत्रकात त्यांच्या मानधनाची तरतूद असावी, कामाचा लेखी आदेश असावा, आणि त्या काळातील भाजी त्यांच्या घरी जावी. विनामोबदला लादलेले काम कोणीही मनापासून करत नाही आणि त्याचा दोष त्याला देता येत नाही. गच्चीची किल्लीही त्यांच्याकडेच राहावी. विद्यार्थ्यांनी एकट्याने वर जाऊ नये, हा नियम कडकपणे पाळावा.

देणगीदारांना आपण आधीच सांगून ठेवावे, की त्यांच्या दोन लाखांतील मोठा वाटा तपासणी, जलरोधन, टाक्या आणि मानधन यांवर जाईल आणि तो छायाचित्रात दिसणार नाही. जो माजी विद्यार्थी आपल्या संस्थेला आठवणीने पैसे देतो, त्याला हे नीट समजावले तर तो रागावणार नाही. पहिल्या वर्षी तीस-चाळीस पिशव्यांहून अधिक काही मांडू नये. त्या पुढच्या मे महिन्यातून पार पडल्या, तर वाफे वाढवावेत; न पडल्यास कुठे चुकले ते थोड्या खर्चात कळेल.

१ जुलैचा कार्यक्रम रद्द करण्याची गरज नाही. त्या दिवशी कुंपणालगत आंबा, पेरू आणि लिंबू जमिनीत लावावेत, ज्या पालकांनी माती दिली त्यांच्या हस्ते लावावेत, आणि गच्चीच्या कामाचा आरंभ म्हणून पावसाच्या पाण्याच्या टाक्या बसवाव्यात. अभियंत्यांचे लेखी उत्तर हाती आले, की गच्चीचा नकाशा मला पाठवावा. त्यावर तुळया, खांब, पाण्याची तोंडे आणि जिन्याच्या खोलीची दिशा दाखवलेली असावी. पिशव्या कुठे आणि किती मांडाव्यात, ते त्या नकाशावर खुणा करून मी कळवीन.